एकोणीस पानं आणि पंधरा मिनिटं

बऱ्हाणपूरबाहेरच्या माणसाला आधी हे सांगायला हवं. आमच्या शहराला तेव्हा जे पाणी यायचं, त्यातलं बरंचसं जमिनीखालून यायचं. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी मुरतं. बादशाही काळात कुणीतरी त्या मुरलेल्या पाण्याची वाट ओळखली आणि जमिनीखाली एक लांबलचक बोगदा खणला. बोगद्याला थोड्या थोड्या अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडं ठेवली. त्या तोंडांना आम्ही कुंड्या म्हणतो. बोगद्याला बेताचा उतार आहे, त्यामुळं पाणी आपल्या पायांनी शहराकडं चालत येतं. पंप नाही, मोट नाही. झालं.

मी हे आत्ता एका दमात सांगितलं. माझ्या यजमानांना एवढंच सांगायला पाऊण तास लागत असे, आणि तो संपल्यावर ऐकणारा विचारत असे, "पंप कुठं बसवलाय?"

हे शहराच्या पाणीखात्यात ओव्हरसियर होते. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. बुधवारा मोहल्ल्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आमचा संसार होता, आणि त्या दोन खोल्यांत मी कुंड्यांबद्दल जितकं ऐकलं तितकं दुसऱ्या कुठल्या बाईनं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. पोळ्या लाटताना ऐकलं, वह्या तपासताना ऐकलं. एकदा तर डोक्यावरून पाणी घेताना न्हाणीच्या दाराबाहेरून ऐकलं.

या सगळ्याला कारण झाला एक रस्ता. लालबागकडून स्टेशनच्या बाजूला एक नवा, रुंद रस्ता आखला होता, आणि तो कागदावर पट्टीनं ओढलेल्या रेघेसारखा सरळ एका कुंडीवरून जात होता. त्या कुंडीसमोर आखणी करणाऱ्यानं दोन शब्द लिहिले होते : भरून घ्यावी. ह्यांनी ते वाचलं त्या दिवशी जेवले नाहीत.

"एक कुंडी बुजली तर काय होतं हो?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"तसं एका वाक्यात सांगता येणार नाही," हे म्हणाले. "त्याला मुळापासून सांगावं लागेल."

माझ्या पुढच्या दीड वर्षाच्या वैतागाची सुरुवात या वाक्यापासून झाली.

पहिल्यांदा हे बोलले ते नागपूरहून आलेल्या एका मोठ्या इंजिनियरसमोर. तेव्हा आम्ही नागपूरच्या राज्यात होतो. भाषण इंग्रजीत लिहिलं होतं आणि ह्यांनी ते वर न बघता वाचलं. मी तिथं नव्हते, पण घरी आल्यावर ह्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, त्यामुळं असल्यासारखीच होते. बादशहाला बऱ्हाणपूर का मोक्याचं वाटलं इथून सुरुवात. मग सातपुड्याचे दगड. मग पाण्यातला चुना. मग उताराचं गणित. शेवटी त्या साहेबानं चष्मा पुसला आणि म्हणाला, फार छान माहिती आहे, आता मला तो पंप दाखवा.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, साहेब, पंप नाहीच. पण तोवर त्यांची गाडी आली होती."

"अहो, मग 'पंप नाही' हे पहिल्यांदा सांगायचं ना!"

"ते अकराव्या पानावर आहे," हे म्हणाले, अगदी शांतपणे, जणू चूक त्या साहेबाची होती.

त्यानंतर राज्यांची फेरमांडणी झाली. नागपूर पलीकडं गेलं, आमचा जिल्हा इकडं राहिला आणि फायली भोपाळची वाट चालू लागल्या. त्या दिवसांत कुणाला काहीच धड ठाऊक नसायचं. माझ्या वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात अजून जुनंच राज्य होतं. नवा नकाशा मागवला होता, तो काही येत नव्हता. मी फळ्यावर खडूनं नवी हद्द काढायची आणि मुली विचारायच्या, "बाई, परीक्षेत कुठली लिहायची?" मी मोठ्या बाईंना विचारायची, त्या वरच्यांना पत्र लिहायच्या, आणि पत्राचं उत्तर यायचं ते भलत्याच शाळेच्या भलत्याच प्रश्नाला. ह्यांच्या कचेरीत तर त्याहून कहर. एक साहेब ग्वाल्हेरकडचे, दुसरे इंदूरचे, तिसरे रीव्याकडून आलेले. प्रत्येकाची फाईल बांधायची रीत वेगळी. प्रत्येक जण 'हमारे यहाँ' असं म्हणून वाक्य सुरू करायचा, आणि ते 'यहाँ' म्हणजे बऱ्हाणपूर कधीच नसायचं.

आता भाषण हिंदीत करायचं होतं. इथं एक गोष्ट सांगते. आमच्याकडं मराठी बोलणाराही अर्धा हिंदीच बोलतो. भाजीवाल्याशी, टांगेवाल्याशी, शेजारणीशी आम्ही कधी या भाषेतून त्या भाषेत जातो ते आमचं आम्हाला कळत नाही. हे तर कुंडीवरच्या मजुरांशी दिवसभर हिंदीतच बोलत. पण कागद पुढ्यात घेतला आणि ह्यांना कुठून कोण जाणे, 'भूगर्भस्थ जल-संवाहिका' असा शब्द सुचला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बोगदा."

"मग बोगदा लिहा. नाही तर सुरंग लिहा."

"सरकारी निवेदन आहे. तिथं सुरंग कसं लिहायचं?"

मी पोळपाट आपटला. दुसरं काही आपटण्यासारखं जवळ नव्हतं.

हे दुसरं भाषण नव्या साहेबांच्या कचेरीत झालं. ऐकायला साहेब आणि एक कारकून. कारकून बादशहाच्या आधीच झोपला. साहेब मात्र जागे होते आणि त्यांनी मन लावून ऐकलं, हेच वाईट झालं. कारण पहिली सात पानं सगळी इतिहासाची होती. सातव्या पानाच्या शेवटी त्यांनी हात वर केला, म्हणाले, समझ गया, आणि फायलीवर शेरा मारून ती जुन्या इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्याकडं पाठवून दिली. त्यांना वाटलं, हा ओव्हरसियर एखाद्या पडक्या मशिदीबद्दल किंवा मकबऱ्याबद्दल बोलतोय. रस्त्याचा उल्लेख बाराव्या पानावर होता.

ती फाईल पुढं कित्येक महिने कुठं फिरत होती ते देवाला ठाऊक. तेवढ्यात रस्त्याच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. एक खुंटी कुंडीच्या काठापासून इतकी जवळ होती की कुंडीत उतरणाऱ्या मामूंनी तिला आपला सदरा अडकवून ठेवला.

मामू म्हणजे कुंड्यांमध्ये दोरानं उतरून बोगद्याच्या भिंतींवरचा चुना खरवडणारे म्हातारे मजूर. त्यांचे वडीलही तेच काम करत. त्यांना सगळं शहर मामूच म्हणायचं. पाण्यातला चुना भिंतीला चिकटतो, वर्षागणिक थर चढतो आणि बोगदा आतून अरुंद होत जातो. तो खरवडला नाही तर एक दिवस पाणी बंद. हे मला ह्यांच्याकडून नाही, मामूंकडून कळलं. ते एकदा आमच्याकडं निरोप घेऊन आले होते तेव्हा, तेही मी चहा टाकेपर्यंत.

मग ती समिती यायचं ठरलं. वरचे एक मुख्य साहेब आणि त्यांच्याबरोबर चार जण. रस्ता, पूल, बाजार असं सगळं एका दिवसात बघणार. कुंडीसाठी वेळ दिला होता पंधरा मिनिटं. जागा आमच्या शाळेचं सभागृह, कारण गावात त्याच्याइतकी मोठी आणि फुकट खोली दुसरी नव्हती.

"पंधरा मिनिटं," मी म्हटलं. "आता तरी कात्री लावा."

ह्यांनी खरंच कात्री लावली. तेवीस पानांची एकोणीस केली. मला दाखवताना चेहऱ्यावर असा भाव की मी शाबासकी द्यावी.

मी ठरवलं की आता माघार घ्यायची नाही. मी रोज चाळीस मुलींना वारे आणि नद्या समजावते, या पाच पुरुषांना एक बोगदा समजावता येऊ नये? मी प्रतिकृती करायला घेतली. तापीवरच्या राजघाटावरून दोन टोपल्या चिकट माती आणली. पितळी परात घेतली. परातीत एका बाजूला डोंगर, तिथून उतरती जमीन, खाली शहर. आणि बोगदा? पपईच्या पानाचे देठ घेतले. ते आतून पोकळ असतात. एक लांब देठ मातीत आडवा पुरला, त्याला वरून भोकं पाडली आणि प्रत्येक भोकावर देठाचा एकेक उभा तुकडा बसवला. त्या कुंड्या. डोंगराच्या बाजूला तांब्यानं पाणी ओतलं आणि शहराच्या बाजूला थेंब थेंब, मग धार. मी स्वतःशीच टाळी वाजवली. ह्यांना हाक मारून दाखवलं.

ह्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "उतार जास्त झालाय."

"अहो!"

"प्रत्यक्षात इतका नाही. बघणाऱ्याची गैरसमजूत होईल."

मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे समितीच्या आदल्या दिवशी, पुन्हा पाणी ओतून बघितलं तर देठ सुकून, मऊ पडून मातीखाली चपटे झाले होते. पाणी शहरात पोचलंच नाही. ते डोंगरातून बाहेर आलं आणि परातीच्या काठावरून ह्यांच्या नकाशावर पसरलं. नऊ फूट लांबीचा नकाशा, ह्यांनी महिनाभर खपून काढलेला, तो सतरंजीवर सुकत पसरला होता, आणि मी परात नेमकी त्याच्याशेजारी ठेवली होती. ह्यांनी धावत येऊन आपल्या उपरण्यानं पाणी टिपलं. शाई दोन ठिकाणी फुटली होती. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसतंच म्हणाले, "नदी थोडी रुंद झाली. चालेल."

तरी मी पहाटे उठून ताजे देठ आणले, परात पुन्हा मांडली आणि टांग्यात मांडीवर घेऊन शाळेत नेली. सभागृहात खिडकीजवळच्या टेबलावर ठेवली. वर्गावर जाऊन आले तर परात जमिनीवर, कोपऱ्यात, झाडूशेजारी. टेबलावर पांढरी चादर आणि चादरीवर माव्याच्या जिलेब्यांच्या परड्या.

"मोठ्या बाईंनी सांगितलं," शिपाई म्हणाला. "साहेबलोकांचा नाश्ता कुठं ठेवणार, बाई?"

समिती तासभर उशिरा आली. ह्यांचा नकाशा लावायला जो लाकडी स्टँड होता त्याचा एक पाय निखळला होता. मुख्य साहेब आधीच घड्याळ बघत होते. कुणीतरी म्हणालं, दोघं जण धरून उभे राहा. एक टोक मामूंनी धरलं. ते कुंडी दाखवायची वेळ आली तर दोर घेऊन हजर असावेत म्हणून आले होते. दुसरं टोक धरायला कुणी पुढं येईना, म्हणून मी धरलं. शाळेची शिक्षिका म्हणून. मी ओव्हरसियरची बायको आहे हे त्या पाच जणांना माहीत नव्हतं.

हात वर करून नऊ फुटांचा जाड कागद धरणं किती कठीण असतं ते ज्यानं धरलाय त्यालाच कळेल. हे पुढं आले, घसा साफ केला, पानं नीट केली आणि सुरुवात केली : "तापी नदी के पावन तट पर बसे हुए इस ऐतिहासिक नगर की स्थापना..."

मी डोळे मिटले.

पाच मिनिटं झाली. माझ्या दंडांना कळ लागली. ह्यांचा आवाज एकसुरी, एका पट्टीत, मान खाली. पाचांपैकी एक जण जिलेब्यांकडं बघत होता. एक जण नखं. माझ्या मागच्या खिडकीतून सहावीच्या मुली पाढे म्हणताना ऐकू येत होत्या आणि खरं सांगायचं तर ते जास्त रंजक होतं.

नकाशाच्या पलीकडून मामूंनी हळूच विचारलं, "बाई, साहेब अजून बादशापाशीच हैत का?"

"हो."

"अल्ला. मग आपले हात गेले."

मुख्य साहेबांनी एकदा मध्येच विचारलं, "और सड़क का क्या मामला है?"

"उस पर आ रहा हूँ, सर," हे म्हणाले आणि पान उलटून दगडांच्या थरांवर आले.

आता दहा मिनिटं झाली होती. मी पानं मोजत होते. सहावं चालू होतं. मला पुढचं सगळं पाठ होतं. दगडांनंतर चुना, चुन्यानंतर उतार, आणि रस्ता अजून कोसभर लांब. मला त्या खुंट्या दिसल्या. ह्यांनी न जेवता घालवलेले दिवस दिसले. आणि मुख्य साहेबांनी टोपी उचलली. टेबलावरची टोपी उचलून मांडीवर ठेवली, म्हणजे उठायची तयारी.

माझ्या तोंडून निघून गेलं. वर्गात ज्या आवाजात मी फळ्यासमोर अडलेल्या मुलीला ओरडते त्याच आवाजात, आणि मराठीत : "अहो, कुंडी बुजवली तर काय होईल ते सांगा ना आधी!"

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. ह्यांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच. माझ्याकडं बघितलं, आणि कानापासून मानेपर्यंत लाल झाले.

"क्या कहा इन्होंने?" मुख्य साहेबांनी विचारलं. ते ग्वाल्हेरकडचे, म्हणजे मराठी त्यांनी ऐकलेलं असणार. पण माझं मराठी त्यांच्या कानावरून गेलं होतं.

बायकोनं चारचौघांत झापलेलं स्वतःच्याच तोंडानं हिंदीत सांगायची पाळी दुसऱ्या कुणा नवऱ्यावर आली असेल का, मला माहीत नाही. ह्यांनी हातातली पानं सारखी केली. मग म्हणाले, "सर, ये पूछ रही हैं कि कुंडी भर दी तो क्या होगा।"

"तो बताइए।"

आणि हे सांगू लागले. पानं हातात होती पण त्यांच्याकडं बघत नव्हते. उत्तर माझ्या प्रश्नाला द्यायचं होतं, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पानावर त्या क्रमानं लिहिलेलं नव्हतं. ती कुंडीवर मजुरांशी बोलायची हिंदी होती. साहेब, पाण्यात चुना आहे. तो भिंतीला धरतो. दर वर्षी माणूस आत उतरून खरवडतो. उतरायला हीच तोंडं आहेत, हवा यायलाही हीच. हे तोंड बुजवलं तर पुढचं तोंड दुप्पट लांब. तिथवर जाईतो कंदील विझतो. जिथं कंदील विझतो तिथं माणूस जात नाही. म्हणजे मधला चुना राहिला. म्हणजे पाच-सहा वर्षांत बोगदा बंद, आणि त्याच्या खालच्या सगळ्या वस्तीचं पाणी बंद.

"चूना कितना जमता है?" साहेबांनी विचारलं. टोपी पुन्हा टेबलावर होती.

"वो मामू बताएँगे, सर," हे म्हणाले आणि मामूंकडं हात केला.

मामूंनी जाडी दाखवायला दोन्ही हात पुढं केले. साहजिकच नकाशा सुटला. नऊ फुटांचा कागद गुंडाळला जात सरसर माझ्याकडं आला आणि माझ्या तोंडावर आपटला. मी त्याच्या आत होते तेव्हा मामूंचा आवाज ऐकू आला, "इत्ता, साहब। और जहाँ दो साल नहीं उतरे, वहाँ इत्ता।" बाहेर आले तेव्हा पाचही जण मामूंच्या हातांमधल्या अंतराकडं टक लावून बघत होते.

"सड़क कितनी हटानी पड़ेगी?"

"बारा फूट, सर. पूर्वेकडं," हे म्हणाले. हिंदीत म्हणायचं राहूनच गेलं, पण कळलं सगळ्यांना.

मुख्य साहेब आपल्या शेजारच्याकडं वळले, काहीतरी बोलले, मग ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "भई, यही बात पहले क्यों नहीं बताई?"

मला त्या क्षणी त्या साहेबांचे पाय धरावेसे वाटले. दीड वर्ष, दीड वर्ष मी दुसरं काय म्हणत होते?

पत्र महिन्याभरानं आलं. रस्त्याच्या आखणीत बदल करण्यास मंजुरी. ती खुंटी उपटली गेली आणि मामूंना सदरा अडकवायला दुसरी जागा शोधावी लागली. रस्ता आजही तिथं थोडा वळतो. सायकलवाले त्या वळणावर उगाचच घंटी वाजवतात, का ते त्यांना सांगता येणार नाही.

पण घरी वेगळंच झालं. त्या दिवशी हे टांग्यात माझ्याशेजारी बसून आले आणि एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं, दार लावलं, आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "घरी पण असंच बोलता का तुम्ही?" मग त्यांना हसू आवरेना. शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर कुणी चहा मागितला तरी 'चहा संपला तर काय होईल ते सांगा ना आधी' असं चाललं होतं. मला आधी गंमत वाटली, मग राग आला, मग लाज वाटू लागली. चारचौघांत मी ह्यांना खाली बघायला लावलं होतं. कुंडी वाचली हे खरं, पण तो आवाज मला घरी आल्यावरही ऐकू येत होता, आणि तो चांगला आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी मीच म्हटलं, "चुकलं माझं. तसं बोलायला नको होतं."

"बोललीस ते बरोबर होतं," हे म्हणाले. वरणात भात कालवत होते, कालवायचे थांबले. "त्याचं काही नाही."

"मग चार दिवस गप्प का?"

ह्यांनी ताट थोडं पुढं सारलं. मग म्हणाले, "ज्यांनी हे खणलं त्यांच्याबद्दल कुणी ऐकलंच नाही. ना नागपूरवाल्यानं, ना या लोकांनी. अगं, हातात एक दिवा आणि एक टिकाव. वर ऊन की पाऊस ठाऊक नाही. दोन्ही बाजूंनी खणत येतात आणि मध्ये बरोबर भेटतात. उताराचा एवढासुद्धा फरक नाही. मी वीस वर्षं उतरतोय, मला अजून कळत नाही त्यांनी कसं साधलं. आणि त्यांची आठवण कधी निघते? रस्ता आड आला तेव्हा. मला वाटलं होतं, निदान या निमित्तानं कुणीतरी बसून ऐकेल."

माझा घास तोंडातच राहिला. दीड वर्ष मी समजत होते की ह्यांना थोडक्यात सांगता येत नाही. ह्यांना थोडक्यात सांगायचंच नव्हतं. मला हे कळलं आणि त्याचाही रागच आला. मग मला सांगायचं होतं ना! मी देठ कशाला आणत बसले असते?

"रविवारी," मी म्हटलं, "मला सांगा. सगळं. मध्ये बोलणार नाही."

रविवारी सकाळी आम्ही लालबागच्या पलीकडं गेलो. त्या कुंडीच्या काठावर मी सतरंजी पसरली, डबा ठेवला आणि बसले. हे उभे राहिले. बसूनही वाचता आलं असतं, पण उभेच राहिले. खालून पाण्याचा आवाज येत होता, अगदी बारीक. ह्यांनी मूळची तेवीस पानं आणली होती. कापलेली चार परत जोडली होती.

मी सगळं ऐकलं. मध्ये बोलले नाही. एकदा तोंड उघडलं होतं, ते 'भूगर्भस्थ' ऐकून, पण मिटलं. ज्या माणसांनी खणलं त्यांचा भाग आला तेव्हा ह्यांचा आवाज थोडा हलला. बाकी सगळं तसंच, एका पट्टीत, मान खाली. ऊन चढलं. केळीच्या बागांकडून बैलगाड्या गेल्या, गाडीवानांनी वळून बघितलं की हा माणूस ओसाडात उभा राहून कुणाला भाषण देतोय. मी खोटं कशाला सांगू, मला मध्ये दोनदा डुलकी आली.

शेवटचं पान संपलं. ह्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवले.

"कसं वाटलं?" विचारलं. चेहरा शाळेतल्या मुलासारखा.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "फक्त ते आठवं पान काढा. दगडांचं."

"आठवं?" हे एकदम माझ्यासमोर खाली बसले. "अगं, आठव्याशिवाय पुढचं काही कळणारच नाही. थांब, तुला मुळापासून सांगतो."

मी डबा उघडला.